रुसव्यात मागितलेला हत्ती

माझ्या लग्नात मी सासऱ्यांकडे हत्ती मागितला होता.

ताबडतोब खुलासा करतो. पाळायला नव्हे, नुसता बघायला. शेवगावातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होतो, आणि चित्रकलेच्या मास्तराला स्वतःचं पोट पोसताना नाकी नऊ येतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तोंडातून शब्द गेला तो गेला, आणि त्या एका शब्दापायी माझ्या सासऱ्यांच्या तोंडची साखर गेली. म्हणजे खरोखरच गेली. ते कसं, ते सांगतो.

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरदेवानं रुसायचं असतं. पानं वाढून होतात, उदबत्त्या लागतात, वऱ्हाडी मंडळी भुकेनं व्याकूळ होऊन भाताकडे बघत बसतात आणि नवरदेव घासच उचलत नाही. मग सासरे पुढे येऊन विचारतात, जावईबापू, काय कमी पडलं? नवरदेवानं मान खाली घालून सायकल, घड्याळ किंवा रेडिओ म्हणायचं. सासऱ्यांनी 'दिला' म्हणायचं, की सगळे जेवायला मोकळे. हे सगळं आधी ठरलेलं असतं. माझा रेडिओसुद्धा आतल्या खोलीत खोक्यात बसून माझ्या रुसण्याची वाट बघत होता. माझ्या मित्रांनी तर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला माझ्या घरी कुणी कुठं बसायचं तेही ठरवून टाकलं होतं.

पण मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती वर्षानुवर्षं आत फिरत राहते. मी शाळकरी असताना आमच्या गावात गोसाव्यांचा हत्ती यायचा. कपाळावर रंगीत नक्षी, गळ्यात घंटा, आणि घरोघर सोंड पुढे करून पैसा मागायचा. मी शाळा बुडवून त्याच्यामागे पार गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत जायचो. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न घर करून होता: रानातल्या हत्तीला कुणाकडे पैसा मागायचा नसतो, दारोदार फिरायचं नसतं, मग एवढ्या लांबलचक सोंडेचं तो दिवसभर करतो तरी काय? (माझ्या वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, आधी पाढे पाठ कर.)

तर पंगतीत सासरे माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांना सगळे आबा म्हणत. धिप्पाड माणूस, गुलाबी फेटा, राहात्याजवळ पाटाच्या पाण्यावरचा ऊस आणि स्वतःचं गुऱ्हाळ. ठरल्याप्रमाणे त्यांनी 'काय कमी पडलं' एवढंच विचारायला हवं होतं. पण माणूस मनाचा मोठा. वाकून हळूच म्हणाले, "मास्तर, लाजू नका. अगदी मनात असंल ते सांगा."

मनात हत्ती होता. मी सांगितला.

रानातला हत्ती बघायचाय, असं मी म्हणताच ताशेवाल्याची टिपरी हवेत राहिली. माझ्या मित्रांनी कपाळाला हात लावला. बाजूला नव्या शालूत बसलेल्या शकुंतलेनं, म्हणजे माझ्या तासाभरापूर्वी झालेल्या बायकोनं, माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ती नजर मला पुढं आयुष्यभर ओळखीची झाली. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी फेटा सारखा केला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "दिला शब्द. रानातला हत्ती मास्तरांना दावीन. अन् जवर दावीत न्हाई तवर गोडाला शिवनार न्हाई."

एवढं बोलून ते आपल्या पानावर गेले, आपल्या वाटणीची बुंदी उचलून घेऊन आले आणि ती माझ्या पानात वाढली. जेवणं झाली. रेडिओ खोक्यासकट माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे माईंच्या खोलीत गेला आणि पुढं तिथंच वाजत राहिला.

आता आबांनी काय सोडलं होतं, ते कळायला आबा सकाळी उठल्यावर काय करत ते माहीत हवं. ते दात घासत, देवाला हात जोडत आणि मुठीएवढा गुळाचा खडा शेंगदाण्यांबरोबर खात. चहात एवढी साखर घालत की चमचा फिरवताना जोर लावावा लागे. पुरणपोळीवर गुळवणी आणि गुळवणीत पुन्हा गूळ! आणि हा माणूस स्वतःच्या गुऱ्हाळात, काहिलीतून नुकत्याच उतरलेल्या गुळाच्या वासात उभा राहून तोंडात बोट घालू शकत नव्हता. गूळ जमला की नाही हे मालकानं चाखून बघायचं असतं. ते काम त्यांनी आपल्या धाकट्या विधवा बहिणीकडे, सोनाआत्याकडे दिलं. आत्याला सगळाच गूळ चांगला लागे, करपलेलासुद्धा.

लग्नानंतर लगेच जाऊन हत्ती बघून यायचं असं आबांच्या मनात होतं. पण त्याच साली पाऊस रुसला. (त्याला कुणी काय देणार?) पुढच्या साली तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. पाट आटले, ऊस वाळला, माणसं खडी फोडायला जाऊ लागली. अशा दिवसांत हत्तीचं नाव कुणाच्या तोंडी येणार? आबांनी शब्द मोडला नाही आणि नेमही मोडला नाही. दिवाळीला मी सासरी गेलो की माई माझ्या ताटात करंज्या वाढत आणि आबा समोर भाकरी-आमटी खात बसत. ते माझ्याकडे बघत नसत, माझ्या ताटाकडे बघत. संक्रांतीला त्यांना कुणी तिळगूळ दिला की ते तो कपाळाला लावत आणि म्हशीला घालत. दोन-तीन वर्षांत ती म्हैस माझ्याकडे प्रेमानं बघू लागली, पण गावात दुसरं कुणीच बघत नव्हतं. राहात्याच्या एसटी स्टँडवरचा चहावाला मला चहा देताना मुद्दाम विचारायचा की साखर घालू का, तुमच्या सासऱ्यांना घालत नाही म्हणून विचारलं.

शकुंतला वरचेवर म्हणायची, "अहो, रेडिओ मागितला असता तर काय बिघडलं असतं?" मी आबांना एकदा एकटं गाठून विनवलं की माझी मागणी मी परत घेतो, तुम्ही गोड खा. ते म्हणाले की मागणी तुमची, पण शब्द माझा. तो परत घ्यायला तुम्ही कोण? एका चांगल्या माणसाचं तोंड मी कडू करून ठेवलं होतं आणि त्याला औषध एकच होतं.

मध्ये एकदा सोनाआत्यानं मार्ग काढून पाहिला. राहात्याच्या बाजारात गोसाव्यांचा हत्ती आला होता. आत्या आबांना म्हणाली, "दादा, त्याला आपल्या उसाच्या रानात न्हेऊन हुबा कर. मास्तरांना बांधावर बोलीव. झाला का न्हाई रानातला हत्ती?" आबा बराच वेळ विचार करत बसले. त्या दिवशी चुलीवर खीर शिजत होती, त्यामुळे विचार जरा जास्तच लांबला. शेवटी मान हलवून ते म्हणाले की तो बाजारातला हत्ती आहे, रानात उभा केला म्हणून बाजारातलाच राहणार.

मग एकदाचा पाऊस पडला. पाटाला पाणी आलं, ऊस उभा राहिला, गुऱ्हाळ पेटलं. पहिली ढेप निघाली तशी आबांनी जीपवरची ताडपत्री काढली.

ही जीप त्यांनी नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेली. लष्करानं ती का विकली हे आम्हांला हळूहळू कळत गेलं. तिचं बटण दाबून ती कधीच सुरू होत नसे. एक तर पुढं हँडल घालून फिरवायचं, नाही तर मागून धक्का मारायचा. ती धक्क्यानं सुरू झाली की आबा कौतुकानं म्हणत, मिल्ट्रीची सवय आहे, हुकूम दिल्याशिवाय हलत नाही. ह्या जीपमधून आबा, माई, सोनाआत्या, शकुंतला आणि मी असे पाच जण दक्षिणेकडे निघालो. त्या राज्याचं नाव नुकतंच बदललं होतं, पण आत्या शेवटपर्यंत म्हैसूरच म्हणत राहिली. वाटेत जीप ज्या ज्या गावात थांबली त्या गावातल्या लोकांनी आम्हांला धक्का मारला. मी उतरायला लागलो की आबा मला खाली बसवत. जावयानं धक्का मारायचा म्हणजे काय? मग सासरे चाक धरत, सासू, आत्या आणि माझी बायको खाली उतरून जीप ढकलत आणि मी पुढच्या मानाच्या सीटवर बसून इकडेतिकडे बघत असे. बघणारे लोक मला आजारी समजत. एका म्हाताऱ्यानं तर मला कुठल्या दवाखान्यात नेतायत असं विचारलं होतं.

जंगलाच्या नाक्यावर आम्ही पहाटेच पोचलो. आपली गाडी असली तरी आत जाताना रानाचा शिपाई बरोबर घ्यावा लागे आणि दुपारी बारापर्यंत बाहेर यावं लागे. आमच्या वाट्याला बसाप्पा नावाचा, मोडकंतोडकं मराठी बोलणारा शिपाई आला. त्याची झोप झालेली नव्हती. त्यानं जांभया देत देत नियम सांगितले. आवाज करायचा नाही, खाली उतरायचं नाही, आणि गाडीत खाण्याचं काही ठेवायचं नाही. "वासावर येतंय बघा," तो म्हणाला. "काय खायाचं हाय काय?"

आम्ही सगळ्यांनी एका सुरात नाही म्हटलं. आणि आम्ही खोटं बोललो नव्हतो, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. माझ्या सीटखाली गोणपाटात गुंडाळलेली नव्या हंगामाची अख्खी ढेप होती, ही गोष्ट खरी. पण ती खाण्याची नव्हती. ती नेम सोडण्याची होती! हत्ती दिसला रे दिसला की त्याच जागी आबांनी त्यातला खडा तोंडात टाकायचा, असं माईंनी घरातून निघतानाच ठरवलं होतं. उपास सोडायच्या पदार्थाला आमच्याकडे कुणी खाऊ म्हणत नाही. सोनाआत्याच्या पिशवीत नारळ आणि हळदकुंकवाचा करंडा होता, पण तेही खाण्याचं नव्हतं. हत्ती म्हणजे साक्षात गणपती, त्याला बघायला रिकाम्या हातानं कसं जायचं?

आम्ही आत शिरलो. मी तर वेडाच झालो. बांबूची बेटं, पानांवरून ठिबकणारं दव, मध्येच रस्ता ओलांडून जाणारी हरणं. माझ्या चौकसपणाला एवढी वर्षं चारा मिळाला नव्हता, तो आता दोन्ही हातांनी मिळत होता. मी बसाप्पाला हे झाड कुठलं, तो आवाज कुणाचा, हत्ती झोपतो कसा, उभा की आडवा, असं विचारून विचारून जागं केलं. वाटेत शेणाचा मोठा ढीग दिसला. तो हत्तीचा आहे असं कळल्यावर मी जीप थांबवायला लावून तो वाकून वाकून बघितला. पुढं चिखलात पावलाचा ठसा होता, आमच्या घरच्या परातीएवढा, आणि त्यात पाणी साचून बेडकी बसली होती. नियम मोडून आत्या क्षणात खाली उतरली आणि त्या ठशातली चिमूटभर माती पदराच्या टोकाला बांधून परत चढली. गजाच्या पायाची माती पूजेला लागते, म्हणाली. बसाप्पानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

पण हत्ती काही दिसेना. ऊन वर आलं. बसाप्पा घड्याळाकडे बघू लागला आणि आबा बसाप्पाकडे. त्यांच्या गालाचा स्नायू हलत होता. घरी गेल्यावर पुन्हा बिनसाखरेचा चहा, पुन्हा दिवाळीची भाकरी-आमटी, पुन्हा कधी एवढे पैसे आणि सवड मिळेल कुणास ठाऊक. माईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या क्षणी हत्तीबद्दलची माझी उत्सुकता विरून गेली आणि मला एवढंच वाटलं की ह्या माणसाच्या तोंडात आज गूळ पडलाच पाहिजे.

लांब झाडीत काहीतरी काळं दिसत होतं. मी बोट दाखवून म्हणालो, तो बघा, दिसला, दिसला मला!

आबांनी जीप थांबवली. इंजिन बंद केलं. त्या काळ्याकडे नीट निरखून बघितलं आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमी चित्रं शिकवता. दगूड अन् हत्ती तुमाला कळत न्हाई, असं कसं व्हईल? माझ्यापायी लबाड बोलू नका. तसला गूळ माझ्या घशाखाली उतरायचा न्हाई."

मी शरमेनं मान खाली घातली. बसाप्पानंही तो दगडच असल्याचा निर्वाळा दिला आणि परत फिरायला सांगितलं. आबांनी बटण दाबलं. जीपनं नेहमीप्रमाणे नकार दिला. मागून धक्का मारायला खाली उतरावं लागणार, पुढं हँडल मारायलाही खाली उतरावं लागणार, आणि बसाप्पा कुणाला खाली उतरू देत नव्हता. आत्या उतरून गेली तेव्हा तो बेसावध होता, आता त्यानं जीपच्या मागच्या बाजूला पायच आडवा लावला. तरी आबा माईंना म्हणाले की तुम्ही तिघी हळूच उतरा, मास्तरांना बसू द्या. इतक्यात बसाप्पाच्या तोंडून अगदी बारीक आवाज आला, "गप बसा. मागं आलंय."

मी मान वळवली नाही. वळवावी असं माझं डोकं सांगत होतं. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो हातभर अंतरावर आला होता, आणि माझ्या मानेनं डोक्याचं ऐकायचं साफ नाकारलं. बांबू मोडल्याचा आवाज आला. मग जीपची सावली एकदम मोठी झाली. मी डोळे मिटले.

पुढचा सगळा प्रकार मी ऐकून आणि अंगावर झेलून सांगतोय. जीपला दारं नव्हती. माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी मोठा श्वास सोडला. तो गरम होता आणि त्याला कोवळ्या बांबूचा वास होता. मग माझ्या गुडघ्याला काहीतरी लागलं, ओलसर, राठ केसांचं. ते गुडघ्यावरून खाली सरकलं, पोटरीवर रेंगाळलं, बुटावर आलं आणि तिथं हुंगत थांबलं. माझा पाय बरोबर ढेपेवर होता!

"अगं, लावू का हळदकुंकू?" मागून सोनाआत्या कुजबुजली. शकुंतलेनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

आणि मग माईंचा आवाज आला. एवढ्या वर्षांत माई माझ्याशी कधी थेट बोलल्या नव्हत्या, जावयाचा मान म्हणून. त्या अत्यंत अदबीनं म्हणाल्या, "जावईबापू, जरा पाय उचलता का?"

मी पाय उचलले. दोन्ही उचलले आणि छातीशी घेतले. सीटखाली खरवडल्याचा आवाज झाला, गोणपाट टराटर फाटलं, सीट माझ्यासकट वर उचलली गेली आणि पुन्हा खाली आपटली. मग कडाम्कुडुम् असा आवाज येऊ लागला. आबांचा गूळ अतिशय उत्तम जमला होता, कारण हत्तीनं तो थांबून, चवीनं खाल्ला. तो संपल्यावर आणखी आहे का ते बघायला तो मागं गेला, आणि बसाप्पा सांगतो त्याप्रमाणे त्यानं जीपच्या पाठीला कपाळ लावून एक ढुशी दिली. रस्ता उताराचा होता. जीप हलली. आबांच्या हातापायांना मात्र सवय पक्की होती. धक्का बसला म्हणजे गियर टाकायचा. त्यांनी टाकला. आणि लष्कराची ती जीप, जिला नगरपासून इथवर दहा गावच्या माणसांनी ढकललं होतं, ती हत्तीच्या एका धक्क्यात सुरू झाली.

वळण आल्यावर मी डोळे उघडले आणि मागं बघितलं. बांबूच्या बेटात एक शेपूट शिरत होती. एवढंच.

नाक्यावर पोचल्यावर आबांनी जीप थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. फेटा सुटून गळ्यात आला होता. ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे लहान मुलाच्या डोळ्यांसारखे चमकत होते. "मास्तर," ते म्हणाले, "दिसला ना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. शकुंतला तर डोळ्यांनीच मला हो म्हणायला सांगत होती. हो म्हटलं की सगळं संपत होतं. पण मघाचे आबांचे शब्द माझ्या कानांत होते, आणि ज्या माणसानं म्हशीला तिळगूळ घातला पण शब्द मोडला नाही, त्याच्याशी मला पुन्हा खोटं बोलवेना. मी म्हणालो, "आबा, माझे डोळे मिटलेले होते. मी फक्त शेपूट बघितली."

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूहळू फेटा गोळा केला. जीप परत आत वळवावी की घरी न्यावी, ह्या विचारात ते पडले असावेत, कारण त्यांचा हात पुन्हा गियरवर गेला. तो हात माईंनी मागून धरला. लग्न झाल्यापासून चारचौघांत माई नवऱ्यापुढं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"आता माझं ऐका," त्या म्हणाल्या. "तुमच्या जावयाला हत्ती दिसला नसंल. पन हत्तीला तुमचा जावई दिसला. चांगला सोंड लावून, पायापासनं वरपर्यंत बघितलाय त्यानं. तेवढ्यावर भागवा. बिनसाखरेचा च्या मी उद्यापासनं करनार न्हाई."

आत्यानंही लगेच री ओढली. दाखवायचा शब्द दिला होता, तो दाखवला. मास्तरांनी ऐन वेळी डोळे मिटले, त्याला दादा काय करणार? बसाप्पानंही, त्याला काही कळलेलं नसताना, जोरात मान हलवली. त्याला फक्त आम्ही लवकर जावं एवढंच हवं होतं.

आबांनी गियरवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "बरं. द्या गूळ."

आता गूळ कुठला द्यायचा? माईंनी सीट उचलली. फाटक्या गोणपाटाच्या धाग्यांत एक खडा अडकून राहिला होता, सुपारीएवढा, हत्तीच्या लाळेनं ओला झालेला. आत्यानं घाईघाईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि गणपतीचा प्रसाद म्हणून आबांच्या तळहातावर ठेवला. आबांनी तो कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरून मिशांत गेलं.

"लई झ्याक जमलाय," ते म्हणाले. "अन् मी न चाखताच इकत हुतो."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. नाक्यावरच्या टपरीत आबांनी तीन कप चहा घेतला आणि टपरीवाल्याची साखरेची बरणी मोकळी केली. टपरीवाला त्यांच्याकडे हत्तीकडे बघावं तसा बघत होता.

ह्या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. रानातला हत्ती सोंडेचं दिवसभर करतो काय, हा माझा प्रश्न मात्र कायमचा सुटला. तो डोळे मिटलेल्या माणसाच्या पायाखालचा गूळ शोधतो. शाळेत मुलांना मी हत्ती काढायला शिकवायचो तेव्हा चेहऱ्याची बाजू शकुंतलेला विचारून काढायचो. शेपूट मात्र माझी स्वतःची असे, आणि ती फार चांगली यायची.

राहात्याच्या बाजारात अजून मी गेलो की चहाच्या टपरीवर जुनी माणसं नव्या माणसांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात. "ह्ये आबांचं थोरलं जावई. ह्यांना बघायला एकदा रानातनं हत्ती आला हुता. चांगलं जवळून बघितलं, पन पसंत पडले न्हाईत. गूळ तेवढा घिऊन गेला."